उन्हाचें जीवनसत्त्व आणि कोरोनाची सांथ

२०२० सालच्या उन्हाळ्यांत कोरोनाच्या भीतीनें आपण सारे घरांत कोंडले गेलों, तेव्हां पुष्कळ मध्यमवर्गीय घरांतून एक नवा नेम सुरू झाला. आठवड्यांतून एकदां, ठरलेल्या वारीं, दुधाबरोबर एक पुडी अगर एक गोळी घ्यावयाची. तिच्यावर साठ हजार एकक असा आंकडा छापलेला असे, आणि तो आंकडाच मनाला मोठा धीर देई. आमच्या घरीं हा वार रविवार होता. वडील माणसांपासून कॉलेजांत जाणाऱ्या मुलांपर्यंत सर्वांनीं हा नेम एकादशीच्या उपवासाहून अधिक निष्ठेनें पाळला. ज्यांच्या रक्तांत ड जीवनसत्त्व कमी असतें त्यांनाच हा रोग प्राणघातक होतो, असें कुणीं तरी सांगितलें होतें, कुठें तरी वाचलें होतें. श्रोत्यांपैकीं अनेकांनीं त्या दिवसांत हेंच केलें असेल. आपण जें घेत होतों त्याच्यामागें पुरावा कोणता होता, तो कसा तपासला गेला आणि अखेर काय ठरलें, हें आज सांगावयाचें आहे. परंतु ही हकीकत २०२० सालापासून सुरू करून चालणार नाहीं. तिचा आरंभ पावणेचारशें वर्षांपूर्वींचा आहे.

सतराव्या शतकाच्या मध्यास इंग्लंडांत मुलांच्या एका रोगानें वैद्यांचें लक्ष वेधून घेतलें. मूल चालूं लागण्याच्या वयांत त्याचे पाय धनुष्यासारखे वांकत, मनगटें फुगत, छातीचा पिंजरा कबुतराच्या छातीसारखा पुढें येई. हाच आपला मुडदूस. फ्रान्सिस ग्लिसन यानें १६५० सालीं या रोगावर लॅटिनमध्यें ग्रंथ लिहून त्याचें वर्णन कायमचें करून ठेवलें; कारण मात्र त्याला सांपडलें नाहीं. पुढें कोळशाच्या धुरानें युरोपांतील शहरांचें आकाश काळवंडलें, गल्लीबोळांतील ऊन नाहींसें झालें आणि हा रोग बळावत गेला. मुलगा असला तर वांकड्या पायांवर निभावे. मुलगी असली, आणि कमरेचीं हाडें आंत दबलेलीं राहिलीं, तर पुढें पहिल्याच बाळंतपणांत तिच्या जिवावर बेते.

उपाय मात्र कारणाच्या आधींच हातीं आले होते. उत्तरेकडील समुद्रकांठचे कोळी कॉड माशाच्या यकृताचें तेल पूर्वींपासून वापरीत, आणि अठराव्या शतकाच्या उत्तरार्धांत मँचेस्टरच्या इस्पितळांत तें संधिवातावर देऊं लागले होते. त्या तेलाची दुर्गंधी इतकी कीं घेणाऱ्यापेक्षां देणाऱ्याचीच परीक्षा व्हावी. दुसरा उपाय उन्हाचा. पोलंडमधील वैद्य स्न्यादेत्स्की यांनीं १८२२ सालींच, मुडदुसाच्या मुलांना उघड्यावर सूर्यप्रकाशांत ठेवावें, असें लिहून ठेवलें आहे. जपानांत कांहीं वर्षें मिशनरी डॉक्टर म्हणून राहून आलेल्या थिओबाल्ड पाम यांना इंग्लंडांत परतल्यावर जागोजाग मुडदुसाचीं मुलें दिसूं लागलीं, आणि जपानांत तीं आपण कशीं पाहिलीं नव्हतीं याचें त्यांना आश्चर्य वाटलें. देशोदेशींच्या मिशनऱ्यांशीं पत्रव्यवहार करून त्यांनीं १८९० सालीं आपला निष्कर्ष प्रसिद्ध केला, कीं जेथें ऊन तेथें मुडदूस नाहीं. त्याकडे फारसें कुणीं लक्ष दिलें नाहीं. ऊन फुकट मिळतें; फुकट मिळणाऱ्या वस्तूला औषध म्हणण्याचें धैर्य वैद्याला सहसा होत नाहीं.

विसाव्या शतकाच्या आरंभीं या प्रश्नावर दोन तट पडले. ग्लासगोच्या पंडितांचें म्हणणें, कीं कोंदट घरें व कोंडलेलें जीवन हेंच रोगाचें मूळ. लंडनचा पक्ष म्हणे, कीं दोष अन्नाचा आहे. एडवर्ड मेलॅन्बी यांनीं १९१८-१९ च्या सुमारास कुत्र्याचीं पिलें घरांत कोंडून ओटाच्या लापशीवर वाढविलीं. त्यांना मुडदूस झाला आणि कॉडच्या तेलानें तो बरा झाला. लंडनचा पक्ष जिंकलासें वाटलें. पण त्याच वेळीं, महायुद्धांतील उपासमारीनें खंगलेल्या बर्लिन शहरांत हुल्डशिन्स्की या डॉक्टरांनीं मुडदुसाच्या मुलांना पाऱ्याच्या दिव्याच्या अतिनील किरणांत बसविलें, आणि क्ष-किरणांच्या छायाचित्रांत त्यांच्या हाडांत चुना भरत असलेला दिसूं लागला. पुढें तर त्यांनीं एकाच हातावर किरण सोडले. तरी दुसऱ्या हाताचींही हाडें सुधारलीं. म्हणजे किरणांमुळें कातडींत कांहीं तरी तयार होत होतें आणि रक्तांतून तें सर्व शरीरभर फिरत होतें.

तेल आणि ऊन यांचा हा वाद चालू असतां त्याची एक साक्ष आपल्या नाशकानें दिली, आणि ती आपल्याकडे जवळजवळ विस्मृतींत गेली आहे याची मला हळहळ वाटते. १९२१-२२ च्या सुमारास डॉ. हचिसन यांनीं पटेल व शहा या सहकाऱ्यांसह नाशिक येथील मुडदुसाचा अभ्यास करून तो ग्लासगोच्या व इंग्लंडांतील वैद्यक-नियतकालिकांतून छापला. उन्हानें भाजून निघणाऱ्या या देशांत मुडदूस कशाला असावा? पण तो होता. गरीब हिंदूंच्या घरीं अन्न निकृष्ट, रोज तेंच तेंच धान्य, दूध-तुपाचें नांव नाहीं. परंतु आई मूल पाठीशीं बांधून दिवसभर बाहेर राबे, आणि त्या मुलांना मुडदूस नव्हता. उलट सुखवस्तु मुसलमान आणि वरच्या वर्गांतील गोषा पाळणारे हिंदू यांच्या घरीं खाण्यापिण्याची ददात नसतांही हा रोग फार होता. मुलगी बारा वर्षांची झाली न झाली तोंच लग्न होऊन गोषांत जाई, आणि तिचें मूलही तिच्याबरोबर माजघराच्या काळोखांत महिनेच्या महिने काढी. हचिसन यांनीं यांपैकीं दहा रुग्णांना कोणतेंही औषध न देतां, माशाचें तेलही न देतां, नुसतें उन्हांत बसविलें आणि ते बरे झाले. लंडन आणि ग्लासगो यांच्या भांडणांत इतका स्वच्छ निवाडा थोड्यांनीं दिला असेल. ज्यांच्या घरीं जास्त प्रतिष्ठा त्यांच्या मुलींचीं हाडें जास्त मऊ, असा त्याचा अर्थ होता. तो आपल्या समाजानें त्या काळीं ऐकून घेतला असता तर किती बायका वांचल्या असत्या!

पुढील उलगडा लवकर झाला. अमेरिकेंत मॅककॉलम यांनीं १९२२ सालीं कॉडच्या तेलांत उष्णता देऊन हवा खेळविली. त्यांतील अ जीवनसत्त्व नष्ट झालें, तरी मुडदूस बरा करण्याचा गुण शिल्लक उरला. अ, ब, क हीं नांवें आधींच दिलीं गेलीं होतीं, म्हणून याला ड म्हटलें. १९२४ सालीं स्टीनबॉक यांनीं दाखविलें, कीं खाद्यपदार्थांवरच अतिनील किरण सोडले तर त्यांत हा गुण उतरतो. जर्मन रसायनशास्त्रज्ञ विंडाउस यांना या जातीच्या द्रव्यांवरील संशोधनाबद्दल १९२८ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. तेलवाले आणि ऊनवाले दोघेही खरे ठरले. जें माशाच्या यकृतांत सांठलेलें असतें तेंच आपली कातडी उन्हांत स्वतः बनविते. मग यकृत आणि मूत्रपिंड त्याला शेवटचें रूप देतात आणि तें आंतड्यांतून चुना शोषून घेण्याचें काम करतें. दूध, लोणी यांत तें घालण्याची प्रथा पडल्यावर अमेरिका-युरोपांतून मुडदूस जवळजवळ हद्दपार झाला.

इतकें मोठें यश मिळालें कीं त्या औषधाकडून माणूस आणखी मागूं लागतो. ड जीवनसत्त्वाचेंही तसेंच झालें. दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटनमध्यें दुधाच्या भुकटींत, लापशींत आणि सरकारी तेलांत मिळून तें इतकें पडूं लागलें, कीं कांहीं तान्ह्या मुलांच्या रक्तांत चुना वाढून तीं आजारी पडलीं, आणि १९५० नंतरच्या दशकांत तें प्रमाण कमी करावें लागलें. हें चरबींत मुरणारें द्रव्य आहे. पाण्यांत विरघळणाऱ्या जीवनसत्त्वाप्रमाणें जास्त झालेलें सहज बाहेर टाकलें जात नाहीं.

क्षयाच्या बाबतींतील इतिहास तर कोरोनाची जणूं रंगीत तालीम आहे. लंडनच्या ब्राँप्टन रुग्णालयाचे डॉ. विल्यम्स यांनीं १८४९ सालींच कॉडच्या तेलानें क्षयी रोगी सुधारतात असें लिहिलें. डेन्मार्कच्या फिन्सेन यांनीं त्वचेच्या क्षयावर प्रकाशकिरणांचा उपचार काढला व त्यांना १९०३ चें नोबेल पारितोषिक मिळालें. १९४० नंतर फ्रान्समध्यें व इंग्लंडांत त्याच रोगावर ड जीवनसत्त्वाच्या प्रचंड मात्रा दिल्या गेल्या. मग प्रतिजैविकें आलीं आणि हा मार्ग मागें पडला. तो २००६ सालीं पुन्हां उजेडांत आला. रक्तांतील भक्षक पेशींना क्षयजंतू मारण्याचें एक शस्त्र तयार करण्यासाठीं ड जीवनसत्त्व लागतें, असें प्रयोगशाळेंत दिसून आलें. एवढें सर्व जुळून आल्यावर आतां सिद्ध व्हावयाचें काय उरलें, असें कुणालाही वाटेल. मंगोलियांतील ८,८५१ शाळकरी मुलांवर तीन वर्षें प्रयोग झाला. त्यांतील बहुतेकांच्या रक्तांत हें द्रव्य फारच कमी होतें. निम्म्यांना दर आठवड्यास १४,००० एकक दिले, निम्म्यांना दिसायला तशीच पण औषध नसलेली गोळी दिली. रक्तांतील प्रमाण उत्तम वाढलें. क्षयाचा संसर्ग मात्र दोन्ही गटांत सारखाच झाला. हा निकाल २०२० च्या जुलईंत प्रसिद्ध झाला. त्या महिन्यांत जग कोरोनाच्या आंकड्यांत इतकें गढलेलें होतें, कीं त्याकडे पाहण्यास कुणाला सवड नव्हती.

आतां कोरोनाकडे येऊं. ड जीवनसत्त्वाचा संशय येणें हें मुळींच मूर्खपणाचें नव्हतें, हें आधीं मान्य केलें पाहिजे. सांथ युरोपांत हिवाळ्याच्या अखेरीस पसरली. मरणाऱ्यांत वृद्ध आणि स्थूल माणसें अधिक, आणि या दोघांच्याही रक्तांत हें द्रव्य कमी असतें. ब्रिटनमध्यें या रोगानें प्रथम जे डॉक्टर दगावले ते बहुतेक आशियाई वा आफ्रिकी वंशाचे होते. सांवळ्या कातडीला त्या देशांतील फिकें ऊन पुरत नाहीं, ही गोष्टही खोटी नाहीं. श्वसनाच्या साध्या संसर्गांवर केलेले २५ प्रयोग व सुमारें अकरा हजार माणसें एकत्र घेऊन २०१७ सालीं जो आढावा छापला गेला, त्यांत नित्य घेतलेल्या गोळ्यांनीं थोडा लाभ होतो असें आलें होतें. मग २०२० च्या वसंतांत युरोपीय देशांचे आंकडे शेजारीं शेजारीं मांडून, जेथें ड कमी तेथें मृत्यु अधिक, असे तक्ते निघाले.

पण म्हातारपण, लठ्ठपणा, मधुमेह, अंथरुणाला खिळणें, घराबाहेर न पडणें, या सर्वांनीं ड जीवनसत्त्व कमी होतें आणि याच गोष्टींनीं कोरोनाही बळावतो. मग दोष कुणाचा? शिवाय कोणत्याही तीव्र दुखण्यांत रक्तांतील तें प्रमाण आपोआप खालीं येतें. इस्पितळांत आलेल्या रुग्णाचें रक्त तपासून तें कमी आहे म्हणून तो आजारी पडला असें म्हणणें, म्हणजे आगीच्या ठिकाणीं नेहमीं बंब दिसतात म्हणून बंबानेंच आग लावली असें म्हणण्यासारखें आहे. ब्रिटनमधील त्या डॉक्टरांच्या वांट्याला कोणतीं कामें आलीं, हाही प्रश्न होताच.

अशा वेळीं निवाडा करण्याची एकच रीत आहे, आणि ती क्षयानेंच शिकविली आहे. १९४८ सालीं ब्रिटनमध्यें स्ट्रेप्टोमायसिनचा जो प्रयोग प्रसिद्ध झाला त्यांत औषध कुणाला द्यावयाचें व कुणाला नाहीं हें डॉक्टरांनीं ठरविलें नाहीं. तें जणूं चिठ्ठ्या टाकून ठरलें. दोन्ही गट त्यामुळें सारखे राहिले.

२०२० मध्यें स्पेनमधील कॉर्दोबा येथील इस्पितळांतून पहिली उत्साहजनक बातमी आली. ७६ रुग्णांपैकीं ५० जणांना ड जीवनसत्त्वाचें एक तयार रूप दिलें. त्यांतील एकालाच अतिदक्षता विभागांत न्यावें लागलें. उरलेल्या २६ पैकीं तेरांना न्यावें लागलें. हे आंकडे वाचून कुणाचें हृदय उचंबळणार नाहीं? पण ७६ हा आंकडा लहान. कुणाला औषध दिलें हें डॉक्टरांना ठाऊक होतें, आणि अतिदक्षतेंत कुणाला न्यावयाचें हें डॉक्टरच ठरवितात. औषध न मिळालेल्या गटांत रक्तदाबाचे व मधुमेहाचे रोगीही अधिक होते. आपल्याकडे चंडीगडला ४० जणांवर प्रयोग झाला. १६ जणांना सात दिवस रोज साठ हजार एकक दिले. त्यांपैकीं अधिक जण तीन आठवड्यांच्या आंत विषाणूमुक्त झाले, परंतु या सर्वांना मुळांत रोगाचीं लक्षणें नव्हतीं अगर फारच सौम्य होतीं. बार्सेलोनाहून याहून मोठा दावा आला. त्यांत औषध चिठ्ठ्यांनीं ठरलें होतें असें लिहिलें होतें; प्रत्यक्षांत तें माणसांगणिक ठरलेलें नसून दालनादालनांप्रमाणें दिलें गेलें होतें, असा आक्षेप आला आणि तपासणीपूर्व प्रसिद्ध झालेला तो लेख २०२१ च्या फेब्रुवारींत काढून घेण्यांत आला.

त्याच महिन्यांत ब्राझीलचा निकाल आला. साओ पाउलो येथें इस्पितळांत दाखल झालेल्या २४० रुग्णांना चिठ्ठीनें विभागून निम्म्यांना एकदम दोन लक्ष एकक पाजले. रुग्णांना व डॉक्टरांना कुणाच्या पेल्यांत काय आहे हें ठाऊक नव्हतें. इस्पितळांतील मुक्काम दोन्ही गटांत सारखाच, सात दिवसांचा, भरला. यावर, आजार जडल्यावर उशीर होतो, आधींपासून रोज थोडें थोडें घ्यावयास हवें, असा प्रतिवाद झाला आणि तो रास्त होता. मेक्सिको सिटींतील रुग्णसेवकांवर रोज चार हजार एककांचा प्रयोग झाला त्यांत खरोखर लाभही दिसला. पण ३२१ पैकीं सुमारें साठ टक्केच लोक अखेरपर्यंत टिकले. मग दोन मोठ्या प्रयोगांचे निकाल २०२२ च्या सप्टेंबरांत बरोबरच आले. लंडनच्या प्रयोगांत सहा हजार दोनशें माणसें होतीं. निम्म्यांचें रक्त तपासून, ज्यांचें प्रमाण कमी त्यांना सहा महिने रोज ३,२०० किंवा ८०० एकक पुरविले. श्वसनाचे संसर्ग आणि कोरोना यांत फरक पडला नाहीं. या प्रयोगांत आपण काय घेतों हें लोकांना ठाऊक होतें आणि मध्येंच लशीही आल्या, हें न्यून सांगितलें पाहिजे. नॉर्वेच्या प्रयोगांत आपण काय घेतों हें लोकांना सांगितलेलें नव्हतें. तेथें ३४,००० हून अधिक प्रौढ माणसांनीं २०२०-२१ चा हिवाळाभर रोज एक चमचा तेल घेतलें. कुणाच्या बाटलींत कॉडचें तेल होतें, कुणाच्या मक्याचें. ज्या देशांत थंडीच्या महिन्यांत हें तेल पिणें हा घरोघरचा जुना रिवाज, तेथेंच त्या रिवाजाची परीक्षा झाली. कॉडचें तेल घेणाऱ्यांपैकीं १.३१ टक्के लोकांना कोरोना झाला, मक्याचें घेणाऱ्यांपैकीं १.३२ टक्के लोकांना.

सांथ अंगावर चालून येत असतां असले प्रयोग करीत बसण्यास वेळ कुणाला होता, असें कुणी विचारील. पण ब्रिटनमध्यें २०२० च्या मार्चमध्यें सुरू झालेल्या एका प्रयोगानें तीन महिन्यांतच, सहा हजारांहून अधिक रुग्णांवरून, डेक्सामेथासोन या जुन्या व स्वस्त औषधानें कृत्रिम श्वासावर असलेल्यांचे मृत्यु सुमारें एकतृतीयांशानें घटतात, हें १६ जून रोजीं सिद्ध केलें. वेळ होता. कॉर्दोबाच्या ७६ रुग्णांना औषधाबरोबर हायड्रॉक्सिक्लोरोक्वीनही दिलें जात होतें, कारण त्या दिवसांत तेंच प्रमाण मानलें जात होतें. पुढें तेंही निरुपयोगी ठरलें. निरनिराळ्या देशांत शेंकडों इस्पितळांनीं पन्नास-पन्नास रुग्णांचे प्रयोग स्वतंत्रपणें केले, आणि ते एकत्र केले असते तर आपणांस २०२१ च्या दुसऱ्या लाटेपूर्वींच उत्तर मिळालें असतें, ही रुखरुख माझ्या मनांतून जात नाहीं.

आमच्या रविवारच्या पुडीनें कुणाचें वाईट झालें नाहीं. मात्र पुडी घेतली आहे म्हणून लग्नाला जावयास हरकत नाहीं, असें म्हणणारे एक गृहस्थ आमच्याच आळींत होते.

२०२० च्या नोव्हेंबरांत इंग्लंडच्या सरकारनें पंचवीस लाखांहून अधिक दुबळ्या व वृद्ध लोकांना चार महिने पुरेल इतकें ड जीवनसत्त्व फुकट देण्याचें ठरविलें. रोजची मात्रा फक्त दहा मायक्रोग्रॅम, म्हणजे ४०० एकक. आपल्याकडे सांपडणाऱ्या पुडींतल्या साठ हजारांपुढें ती चिमूटभरच. कोरोनावर उपाय म्हणून ही गोळी घेऊं नये, असें त्याच देशाच्या आरोग्यविषयक मार्गदर्शक संस्थेनें पुढच्या महिन्यांत स्पष्ट केलें. मग ती वांटली कशासाठीं? सरकारनें दिलेलें कारण हाडांचें व स्नायूंचें होतें. सांथीच्या भयानें हीं माणसें महिनोन् महिने दाराआड बसून होतीं आणि त्यांना ऊन मिळत नव्हतें. शंभर वर्षांपूर्वीं नाशकाच्या माजघरांत हचिसन यांना जें दिसलें होतें, तेंच हें कारण.